खालच्या आळीशी झालेला तह

भिवंडीतल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी इतिहास शिकवते. पहिलं महायुद्ध संपलं की फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारायची, हा माझा शिरस्ता. डावीकडे आदर्शवादी तह, उजवीकडे दंडात्मक तह. डावीकडे अमेरिकेचा तो प्राध्यापकी वळणाचा अध्यक्ष, त्याची चौदा कलमं आणि सगळ्या राष्ट्रांची मिळून एक सभा. उजवीकडे फ्रान्सचा पांढऱ्या मिशांचा म्हातारा पंतप्रधान: चूक कबूल करा, भरपाई द्या, सैन्य कमी करा आणि गुमान बसा. परीक्षेत यावर चार गुणांचा प्रश्न येतो. डावीकडचं जो मनापासून लिहील त्याला मी वर्षानुवर्षं अर्धा गुण जास्त देत आले. कुणी पेपर पुन्हा तपासायला मागितला असता तर माझी पंचाईत झाली असती.

आमचं गाव कशेळीकडच्या पट्ट्यात आहे. शेतं होती तिथे आता गोडाऊन आहेत, आणि बैल वळायचे तिथे कंटेनर वळतात. गावात दोन आळ्या. वरची हायवेच्या अंगाला, खालची खाडीच्या अंगाला. मी खालच्या आळीची लेक आणि वरच्या आळीची सून. आमच्यात गावातल्या गावात सोयरीक चालते, त्यामुळे माझं माहेर सासरपासून चालत चार मिनिटांवर आहे. पाठवणीच्या वेळी आईने रडायला सुरुवात केली आणि तिचं रडणं संपायच्या आत मी सासरी पोचून चहा घेत होते. एवढं जवळ माहेर असूनही ते एक दिवस परदेश होईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एकाच मुहूर्तावर दोन लग्नं आली. वरच्या आळीत माझ्या दिराचं, खालच्या आळीत माझ्या भावाच्या मुलीचं. म्हणजे हळदीही एकाच संध्याकाळी. बाहेरच्यांना कळत नाही म्हणून सांगते, आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. लग्नात माणसं अक्षता टाकून निघून जातात, हळदीला आख्खं गाव जेवतं आणि नाचतं. डीजेचा टेम्पो पुढे घालून गावदेवीला नारळ द्यायला जायचं असतं. मी दोन्हीकडची असल्यामुळे पाच वाजता एका मांडवात नाचून सहाला दुसऱ्या मांडवात नाचायचं असं ठरवलं होतं. साडीसुद्धा अशी निवडली होती की दोन्हीकडच्या फोटोत चालेल.

देवळाला जायची गल्ली एकच. एका बाजूला व्यायामशाळेची भिंत, दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी. वरच्या आळीचा टेम्पो देवळाकडून परत येत होता, खालच्या आळीचा देवळाकडे निघाला होता. दोघे टाकीपाशी समोरासमोर आले आणि थांबले. दोन्ही टेम्पोंवर माणसाच्या उंचीचे स्पीकर, दोन्हींवर वेगळं गाणं. कोणीतरी एकाने मागे घ्यायचं होतं, बस. पण हळदीच्या दिवशी टेम्पो मागे घेणं म्हणजे नवरदेवाची, नाहीतर नवरीची, आब्रू मागे घेणं. दोन्हीकडचे लोक एकमेकांना काहीतरी सांगत होते आणि एकाचंही कुणाला ऐकू जात नव्हतं. गाणं बंद करा म्हणावं तर तेही ऐकू जात नव्हतं.

मी त्या वेळी मधे उभी होते, म्हणजे खरोखरच दोन बंपरांच्या मधे. आणि मला जे दिसलं ते गावात दुसऱ्या कुणालाच दिसलं नाही. दोन्ही टेम्पोंचे ड्रायव्हर खाली उतरले होते. दोघे शहरात एकाच खोलीत राहणारे, एकाच गावाकडून आलेले. टाकीच्या आडोशाला ते एक चहा दोघांत पीत होते. मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडून विचारलं, गाडी मागे का घेत नाही? त्यातला एक हात जोडून म्हणाला, "मैडम, हम दोनों तो कब से तैयार हैं. लेकिन बोलें किसको? सब नाच रहे हैं." दुसऱ्याने मला उरलेला चहा विचारला.

तेवढ्यात पहिली खुर्ची उडाली. ती कुणी फेकली हे आजपर्यंत कळलेलं नाही. मग वाट्यांमधली हळद उडाली, मग मटणाच्या पळ्या निघाल्या. पाच मिनिटांत सगळ्यांची तोंडं इतकी पिवळी झाली की कोण कुठल्या आळीचा हे ओळखता येईना. माणसं मारायच्या आधी जवळ जाऊन वाकून चेहरा बघायची. माझ्या सासऱ्यांना त्यांच्याच सख्ख्या पुतण्याने हाणलं आणि मग पाया पडून माफी मागितली. तोवर सासऱ्यांनी त्याला ओळखलं नव्हतं, म्हणून त्यांनीही एक ठेवून दिली. इकडच्यांनी वळ गावच्या सोयऱ्यांना फोन लावले, तिकडच्यांनी दिघाशी गावच्या मेव्हण्यांना. एका टेम्पोच्या भांडणात तीन गावं उतरली. कॉलेजात मी याला 'मैत्रीकरारांचं जाळं' असं भारदस्त नाव देते.

लढाईचा निकाल मात्र पराक्रमाने लागला नाही. खालच्या आळीच्या जनरेटरमधलं डिझेल संपलं. त्यांचं गाणं मधेच बसलं, लाइट गेले, आणि वरच्या आळीने जल्लोष केला: जिंकलो. खालची आळी आजही सांगते की आम्ही हरलोच नाही, डिझेल आणायला पाठवलेल्या माणसाने घात केला. तो बिचारा कॅन घेऊन त्याच गल्लीच्या मागच्या बाजूला अडकला होता, कारण पुढे टेम्पो उभे होते.

दुसऱ्या दिवशी दोन्ही लग्नं वेळेवर लागली. माझ्या दिराच्या एका डोळ्याखाली काळंनिळं होतं आणि फोटोवाल्याने ते खुबीने फुलांत लपवलं. नुकसान म्हणावं तर एक दात, काही टाके, मांडववाल्याच्या खुर्च्या, आणि मटणाचा एक मोठा टोप, जो चेपल्यामुळे आता कुठल्याच चुलीवर नीट बसत नाही. पोलीस आले, आपापसात मिटवा म्हणाले आणि जेवून गेले.

आठवड्याने गावदेवीच्या सभामंडपात तहाची बैठक बसली. खालच्या आळीला बोलावलं नव्हतं. हरलेल्यांना सही करायच्या वेळी बोलावतात, हे मी शिकवतेच, पण आमच्या सासऱ्यांना ते न शिकताच येत होतं. ते वरच्या आळीचे प्रमुख. डोक्याला पट्टी, बोटात अंगठ्या, शेजारी तो चेपलेला टोप पुरावा म्हणून ठेवलेला. मला बोलावलं कारण माझं अक्षर चांगलं आणि मी इतिहासाची मॅडम. बाई म्हणून बैठकीत बसणारी मी पहिलीच. नवरा म्हणाला, "शांत बस हां जरा." मी आयुष्यात कधी शांत बसलेली नाही, हे त्याला लग्नाआधीपासून माहीत आहे.

मी आदल्या दिवशी फुलस्केपवर चौदा कलमं लिहून नेली होती. खरं तर माझी दहातच संपली होती, पण चौदा करायचीच म्हणून ओढूनताणून चार वाढवली. सोयऱ्यांना गुपचूप फोन करू नयेत. गल्ली सर्वांना खुली राहील. दोन्ही आळ्या स्पीकर सारख्याच प्रमाणात कमी करतील. एकाच दिवशी दोन हळदी आल्या तर नारळाच्या वेळा वाटून घ्याव्यात. आणि चौदावं कलम माझं लाडकं: दोन्ही आळ्यांची मिळून एक शांतता समिती असावी, भांडण आधी तिथे यावं. वाचताना आपण जगाला काहीतरी देतोय असं वाटत होतं.

सासऱ्यांनी मन लावून ऐकलं. पंख्याच्या आवाजात नीट कळलं नाही म्हणून पुन्हा वाचायला लावलं. मग मान डोलावून म्हणाले, "झकास लिवलाय. एकदम झकास. आता आपला लिव."

"म्हणजे?"

"म्हंजे ह्या तुजा झाला. आता तहाचा लिव."

त्यानंतर जी कलमं आली ती ऐकताना मला उजवीकडचा रकाना तोंडाने बोलतोय असं वाटत होतं. एक, सगळी चूक खालच्या आळीची. दोन, भरपाई म्हणून त्यांनी नवा टोप द्यायचा, आणि तो आधीच्यापेक्षा मोठा पाहिजे. तीन, दहा वर्षं त्यांनी हळदीला दोनच स्पीकर लावायचे. चार, त्यांच्या क्रिकेट टीमने नऊच खेळाडू उतरवायचे. हे चौथं का, म्हणून मी विचारलं. एक काका म्हणाले, "लढाईत सगल्यात जास्त त्यांचे क्रिकेटवालेच मारत होते." पाच, पाण्याच्या टाकीपासून पंधरा पावलांत त्यांच्यातल्या कुणी बसायचं नाही. टाकीपाशी पंधरा पावलं मोजायला लगेच दोघे उठले, आणि पावलं कुणाची धरायची यावर अर्धा तास वाद झाला.

सहावं कलम आलं तेव्हा मी पेन खाली ठेवलं. सहा, वर्षभर खालच्या आळीशी जाणं-येणं बंद. बारसं, हळद, मयत, काही नाही.

"असं लिहिणं गुन्हा आहे," मी म्हणाले. "वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा आहे. सगळे आत जाल."

सासऱ्यांनी डोक्यावरची पट्टी सारखी केली. मग म्हणाले, "मंग लिवू नको. नुसता तोंडी पालू."

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. खालच्या आळीत माझी आई होती. सत्तरी उलटलेली, दोन्ही गुडघे गेलेले, चार पायऱ्या चढून वर यायला तिला दोन माणसं लागायची. ती वर येऊ शकत नव्हती, म्हणून रोज कॉलेजातून येताना मीच तिच्याकडे डोकावायचे. बसायचेही नाही धड, उभ्या उभ्या तोंडात काहीतरी टाकायचे, तिच्या गोळ्या बघायचे आणि तिच्याशी भांडून निघायचे. वर्षभर ते बंद. चार मिनिटांचा रस्ता आणि वर्ष. मी सासऱ्यांना म्हणाले, "बाबा, आईचं काय?"

ते वाईट माणूस नाहीत. बाळंतपणात त्यांनी माझ्यासाठी खाडीवर स्वतः जाऊन चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, आणल्या होत्या. त्यांनी टोप जरा बाजूला सरकवला आणि सौदा मांडला. पहिलं कलम नीट उतरत नव्हतं. 'चूक तुमची' एवढंच लिहिलं तर पोरांच्या भांडणासारखं वाटत होतं. ते म्हणाले, "पयला कलम तू तुज्या हातानं लिव. सरकारी वाटला पायजे. मंग लेकींना सूट देतू." माहेर खालच्या आळीत असलेल्या सुनांना महिन्यातून दोन रविवार, चार ते सहा.

मी लिहिलं. नुसतं लिहिलं नाही, फार सुंदर लिहिलं. 'सदर प्रसंगास सर्वस्वी व एकमेव खालची आळी कारणीभूत असून त्याबाबतची संपूर्ण नैतिक जबाबदारी खालची आळी बिनशर्त स्वीकारीत आहे.' हे लिहिताना मला दोन ड्रायव्हर, एक चहा आणि ते जोडलेले हात लख्ख आठवत होते. चूक कुणा एकाची नाही हे त्या सभामंडपात फक्त मला माहीत होतं. तरीही 'सर्वस्वी व एकमेव' हे शब्द सुचल्यावर मला आनंद झाला. चांगलं वाक्य जमल्याचा तो हलकट आनंद मी अजून विसरलेले नाही. वर माझ्या चौदाव्या कलमातली समितीही मी त्यात घुसवली आणि मनातल्या मनात हिशेब केला, तेरा सोडली पण दोन कामाची मिळवली: समिती आणि रविवार. फ्रान्समध्ये त्या अध्यक्षानेही अगदी हेच केलं होतं, आणि त्याबद्दल मी मुलांसमोर त्याला किती वेळा भोळा म्हटलं आहे.

सहीला माझ्या दादाला, म्हणजे खालच्या आळीतल्या नवरीच्या बापाला, बोलावलं. त्याने उभ्यानेच कागद वाचला. पहिलं कलम दोनदा वाचलं. मग माझ्याकडे बघितलं नाही आणि सही केली. खालच्या आळीतून हायवेला जायचा रस्ता वरच्या आळीतून जातो. सही न करून तो कामाला जाणार कुठून? संध्याकाळी तहाचा फोटो गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडला. त्याखाली वरच्या आळीने फुलं आणि हात जोडलेली चित्रं टाकली.

पुढे जे झालं ते इतिहासाच्या पुस्तकातून उचलल्यासारखं होतं, फक्त जास्त मोठ्या आवाजात. खालच्या आळीने तहाचा शब्द आणि शब्द पाळला. दिवाळीनंतरच्या पहिल्या हळदीला त्यांनी दोनच स्पीकर लावले. एकेक खोलीएवढा. ते आणायला टेम्पो पुरेना, म्हणून गोडाऊनचा कंटेनर उघडा करून आणला. तहात संख्या होती, आकार नव्हता. वाजायला लागले तेव्हा आमच्या घरातल्या शोकेसमधल्या बाहुल्या चालत पुढे आल्या. सासऱ्यांनी छातीवर हात ठेवून विचारलं, "दोनच हायेत?" नवरा बघून आला. दोनच होते.

क्रिकेट टीमचंही तसंच. नऊच उतरायचे म्हणून त्यांनी इतका सराव केला की त्यांच्याकडे एकेक जण दोघांची जागा धरायला लागला. गावच्या सामन्यात आमचे अकरा त्यांच्या नवांकडून हरले. बक्षीस घेताना ते टाकीपासून बरोबर सोळाव्या पावलावर उभे होते. टोपही आला. तहाप्रमाणे आधीच्यापेक्षा मोठा, म्हणजे असा मोठा की सभामंडपाच्या दारातून आत जाईना. तो अजून बाहेर आहे आणि त्यात पाणी साचतं.

माझी शांतता समितीही स्थापन झाली. पहिल्या सभेला मी आणि देवळाचा गुरव, दोघेच. गुरव तसाही तिथेच असतो. मी नवऱ्याला म्हटलं, तू तरी ये. तो म्हणाला, "तुझी समिती लय चांगली हाय. माझा पाठिंबा हाय. पन आपल्यातला कोनी नको त्यात, उगाच बांधून घेतल्यासारखा होतंय." मी ताट आपटून त्याला वाढलं.

पण हे सगळं मी हसत सांगू शकते. माझ्या वाट्याच्या रविवारांचं मला हसत सांगता येत नाही.

पहिल्या रविवारी चारच्या ठोक्याला मी माहेरच्या ओट्यावर चढले. आईने मला बघितलं आणि आतून प्लास्टिकची खुर्ची आणवली. नातवाचा टॉवेल घेऊन ती पुसली. "या, बसा," म्हणाली. "पानी घेता का?"

मला वाटलं, थट्टा करते आहे. मी हसत आत जायला लागले तर म्हणाली, "आत पसारा हाय. बसा इतंच." मग ट्रे आला. ट्रेमध्ये शोकेसमधली कपबशी, सोनेरी कडेची, जी जावयासाठी आणि बँकेच्या साहेबासाठी काढतात. बशीत चार बिस्किटं. आई समोर खांबाला टेकून बसली आणि विचारपूस करू लागली. घरचे बरे हायेत का. सासऱ्यांची जखम भरली का. कॉलेज कसा चाललाय. दहा मिनिटांत बोलणं संपलं. उरलेला वेळ आम्ही रस्त्याकडे बघत बसलो. निघताना तिने मला कुंकू लावून ओटी भरली. चार मिनिटांवर राहणाऱ्या लेकीला नारळ आणि तांदूळ देऊन निरोप.

दुसऱ्या रविवारी तेच, तिसऱ्या रविवारी तेच. मी गोळ्यांचं विचारलं की "घेते हो" म्हणायची. साडीचा रंग छान आहे म्हणायची. आयुष्यात पहिल्यांदा आई माझ्याशी अत्यंत सभ्यपणे वागत होती आणि मला ते सहन होत नव्हतं. घरी येऊन मी ओटीचे नारळ मोजायचे; सातव्या रविवारी सात झाले. सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं, आमटीला लागतात." मला त्यांचा इतका राग आला, त्यांची काही चूक नसताना.

कॉलेजात त्याच आठवड्यात महायुद्धाचा तो धडा पुन्हा आला. मी फळ्यावर रेघ मारली आणि कुठल्या बाजूला सुरुवात करावी ते सुचेना. आई यातल्या कुठल्याच बाजूला बसत नव्हती. ती शिक्षा देत होती, पण कपबशीतून. शेवटी मी मुलांना वाचनाला लावलं आणि खिडकीपाशी उभी राहिले.

आठव्या रविवारी मी दहा मिनिटं आधी पोचले, म्हणून मला ते दिसलं. आई ओट्यावर करंदी सोलत बसली होती. बारीक कोलंबीची टोपली समोर, पाय पसरलेले, शेजारणीला काहीतरी सांगून खदाखदा हसत होती. ही माझी आई. मला बघताच तिने टोपली पदराखाली झाकून आत ढकलली, हात धुतले आणि हाक मारली, "अरे, खुर्ची आना. पावनी आली."

"दे ती टोपली," मी म्हणाले. "मी सोलते."

"असा कसा? पावन्यांना कामाला लावायचा का?"

माझं डोकं फिरलं. मी ती खुर्ची उचलून ओट्याखाली फेकली. कॉलेजात पंचवीस वर्षं फळ्यापुढे कमावलेला माझा आवाज आख्ख्या आळीने ऐकला असणार. मी म्हणाले, "पाहुणी म्हणू नको मला! काय केलंय मी? रोज येते तशी येऊ दे म्हणून भांडले मी सभेत. हे दोन रविवार मी मिळवलेत, फुकट नाही मिळाले!"

आई म्हणाली, "तुज्या दादसाच्या मोबाइलवर बघितला मी कागद. चौथी पास हाय मी, वाचता येते मना. सही त्याची हाय. अक्षर तुजा हाय."

मी पदर सावरायला लागले.

"'सर्वस्वी'," आई एकेक अक्षर तोडत म्हणाली. "त्याचा अर्थ इचारला मी शेजारच्या शालेत जानाऱ्या सोकरीला. तू व्हतीस ना तितं मधे? मंग तुला म्हाईत व्हता. चूक आमचीच व्हती?"

"नाही," मी म्हणाले. "कुणाचीच नव्हती. दोघंही ड्रायव्हर गाडी मागे घ्यायला तयार होते. मला माहीत होतं."

"मंग कशाला लिवलास?"

"तुला भेटायला मिळावं म्हणून."

आईने माझ्याकडे नीट बघितलं. "मंग? भेटलीस?"

मी ओट्याच्या कडेला खाली बसले आणि लहान पोरीसारखी रडले. चुकलं माझं, असं म्हणाले. एकदा नाही, बऱ्याच वेळा. आणि त्यात 'सदर' किंवा 'बिनशर्त' असला एकही शब्द नव्हता. आई गप्प बसली नाही. साठवून ठेवलेलं सगळं तिने काढलं. टेम्पोपासून सुरू करून ती माझ्या बारावीच्या सहलीपर्यंत मागे गेली. मीही दोन-चार ठिकाणी उलट बोलले. शेजारीण मधे पडायला आली तर दोघींनी मिळून तिला घालवून दिलं.

या भांडणात सहा कधी वाजून गेले ते कळलं नाही. साडेसहाला सासरे काठी टेकत येताना दिसले. सुनेला न्यायला आले होते, आणि त्या नादात खालच्या आळीत पाऊल ठेवून स्वतःचंच सहावं कलम मोडून बसले होते. आईने खाली पडलेली खुर्ची उचलून आणवली, पुसली. "या, बसा पावनं," म्हणाली. सोनेरी कडेची कपबशी आली, चार बिस्किटं आली.

सासरे अवघडून बसले. म्हणाले, "सूनबाय, सहा वाजून गेले."

"चूक आमचीच," आई म्हणाली. "लिवून दिलाय ना तुमाला. च्या घ्या."

सासऱ्यांनी बशी उचलली आणि कुठे बघावं ते न कळून चहात बघत राहिले. आईने आतली टोपली पायाने पुढे ओढली आणि माझ्या मांडीपाशी ठेवली. "ह्या सोल. डोकी येगली टाक, चटनीला लागतात."

मी पदर कमरेला खोचला आणि बसले. थोड्या वेळाने आईने माझ्या बाजूचा ढीग बघितला, एक करंदी उचलून उजेडात धरली. "येवढी शिकलीस," म्हणाली, "आनि पाठीतला काला धागा तसाच ठेवलास." मग ती गुडघ्यांवर हात दाबत माझ्या जवळ सरकली आणि मी सोललेली सगळी करंदी पुन्हा पहिल्यापासून साफ करायला लागली.